आश्रयधर्म आणि त्याची वांटणी

दाराशीं आलेल्या निराश्रिताला आंत घ्यावें कीं न घ्यावें, या प्रश्नाचें उत्तर आपल्या परंपरेनें फार पूर्वीं देऊन ठेवलें आहे, आणि तें देतांना तिनें फारशी घासाघीस केलेली नाहीं. परंतु निराश्रित एकाच्या दाराशीं आला आणि त्याला ठेवून घेण्याचें कर्तव्य मात्र सबंध आळीचें आहे असें सर्वांनीं मान्य केलें, तर रात्रीं त्याला प्रत्यक्ष कोणाच्या पडवींत झोपवावें, हा प्रश्न निराळा आहे. पहिला प्रश्न दयेचा आहे, दुसरा न्यायाचा. पहिल्याचें उत्तर मोठ्या आवाजांत देणारे लोक दुसऱ्याच्या वेळीं एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात, हा अनुभव नवा नाहीं. युरोपखंडांतील राष्ट्रें गेलीं दहा वर्षें या दुसऱ्या प्रश्नाशीं झगडत आहेत, आणि आपल्याकडील सुशिक्षित घरांत त्याची चर्चा होते ती दूरच्या देशांतील तमाशा म्हणून. वस्तुतः तोच प्रश्न साठ वर्षांपूर्वीं चांद्याच्या जंगलांत आला होता. आला होता म्हणण्यापेक्षां, तो तेथें येऊन राहिला आहे.

युरोपांतील हकीकत प्रथम थोडक्यांत सांगतों. १९९० सालीं डब्लिन येथें झालेल्या कराराचा व्यवहारांतील अर्थ असा झाला कीं, निर्वासितानें ज्या राष्ट्राच्या भूमीवर प्रथम पाऊल ठेवलें त्यानेंच बहुधा त्याच्या अर्जाचा निकाल करावा. कागदावर हा नियम सरळ दिसतो. पण समुद्रावरून येणारा मनुष्य प्रथम पाऊल ठेवतो तें ग्रीसच्या बेटांवर किंवा इटलीच्या दक्षिण टोंकाला. डोंगरांनीं आणि शेजाऱ्यांनीं वेढलेल्या राष्ट्राला हा नियम कधीं बोंचतच नाहीं. २०१५ सालीं सीरिया, अफगाणिस्तान, इराक वगैरे देशांतून दहा लाखांहून अधिक माणसें समुद्र ओलांडून आलीं, तेव्हां हा नियम मोडून पडला. त्या सप्टेंबरांत युरोपीय संघानें ठरविलें कीं, ग्रीस व इटली येथील १,६०,००० माणसें दोन वर्षांत बाकीच्या राष्ट्रांनीं वांटून घ्यावीं. वांटलीं गेलीं सुमारें पस्तीस हजार. हंगेरी आणि स्लोव्हाकिया या ठरावाविरुद्ध न्यायालयांत गेलीं व २०१७ सालीं हरलीं. पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक यांनीं कर्तव्य मोडलें असा निर्णय त्याच न्यायालयानें २०२० सालीं दिला. तोंपर्यंत योजनेची मुदत संपून अडीच वर्षें होऊन गेलीं होतीं.

पोलंडचें नांव निघालें आहे म्हणून एक आठवण देतों. दुसऱ्या महायुद्धांत रशियानें हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांपैकीं सुमारें पांच हजार माणसें, बहुतेक बायका आणि मुलें, इराणमार्गें हिंदुस्थानांत येऊन १९४३ ते १९४८ पर्यंत कोल्हापुराजवळ वळिवडे येथील छावणींत राहिलीं. कोल्हापूरचा पोलंडशीं शेजार नव्हता, भाषेचा अगर धर्माचा धागा नव्हता. या आठवणीवरून पोलंडला कृतघ्न म्हणणें सोपें आहे. पण २०२२ सालीं युक्रेनमधून पळालेल्या लाखों माणसांना याच पोलंडनें घरोघरीं ठेवून घेतलें. तेव्हां त्या राष्ट्राला आश्रयधर्म ठाऊक नाहीं असें म्हणतां येत नाहीं. तो कोणाला लागू करावयाचा याची त्यानें निवड केली, इतकेंच. आणि उपकाराचें ऋण एकाकडून घ्यावें व दुसऱ्याला फेडावें, असा कायदा कोणत्याहि राष्ट्रावर बसवितां येत नाहीं. म्हणून कृतज्ञतेवर ही इमारत उभारण्याचा प्रयत्न मी करीत नाहीं.

या भांडणांत जें बेट सर्वांत अधिक होरपळलें तें लेस्बॉस. तेथील मोरिया छावणी सुमारें तीन हजार माणसांच्या बेताची होती. २०२० च्या आरंभीं तींत जवळजवळ वीस हजार माणसें होतीं, आणि त्या सप्टेंबरांत ती जळून गेली. बेटावरील कित्येक कुटुंबें १९२२ सालीं आशिया मायनरमधून पळून आलेल्या ग्रीक निर्वासितांचीच संतति आहेत. २०१५ सालीं तेथील कोळ्यांनीं बुडत्या माणसांना बोटींत ओढून घेतलें. २०२० च्या फेब्रुवारींत नवी छावणी बांधूं देणार नाहीं म्हणून तेथीलच लोक रस्त्यावर उतरले. पांच वर्षांत त्यांची माणुसकी आटली, असें दूरच्या वर्तमानपत्रांनीं लिहिलें तर नवल नाहीं. जें ओझें सर्व खंडाचें म्हणून घोषित झालें होतें तें आपल्या एकट्याच्या अंगणांत राहणार, हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें.

आतां आपल्या घराकडे वळूं. फाळणीनंतर पश्चिम पाकिस्तानांतून जे आले त्यांचे हाल कांहीं थोडे झाले नाहींत. कल्याणजवळील लष्करी बराकींत सिंधी कुटुंबें कशीं राहिलीं आणि त्या छावणीचें १९४९ सालीं उल्हासनगर कसें झालें, हें मुंबईकडील वाचकांस सांगावयास नको. परंतु मागें सोडलेल्या मालमत्तेची कांहीं तरी भरपाई त्यांना मिळाली. १९५४ चा भरपाईचा कायदा पश्चिमेकडून आलेल्यांपुरताच होता. पूर्व बंगालमधून आलेल्यांना त्याचा लाभ नव्हता, कारण १९५० च्या नेहरू–लियाकत करारानंतर सरकारची समजूत अशी राहिली कीं, हे लोक आज ना उद्यां परत जातील. ते परत गेले नाहींत, येतच राहिले. १९६३ च्या डिसेंबरांत श्रीनगरच्या हजरतबल येथील पवित्र केस नाहींसा झाला, आणि त्याचा सूड हजारांहून अधिक मैलांवरील खुलना आणि डाक्का येथील हिंदूंवर १९६४ च्या जानेवारींत घेतला गेला. त्या वर्षीं लाखों माणसें सरहद्द ओलांडून आलीं.

पश्चिम बंगालनें हात वर केले. त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. सतरा वर्षें तो प्रांत हें ओझें वाहत होता. कलकत्त्याच्या सियालदा स्टेशनांत फलाटांवरच कुटुंबें संसार करीत होतीं. फाळणी सबंध देशानें पत्करली, मग तिचा भार एका सीमेवरच्या प्रांतानेंच कां वाहावा? ग्रीस व इटली पन्नास वर्षांनंतर जें म्हणणार होतीं तें बंगालनें तेव्हां म्हटलें, आणि दिल्लीनें तें मान्य केलें. नवे येणारे बाहेरच्या राज्यांत नेण्याचें ठरलें. १९५८ सालींच दंडकारण्य विकास प्राधिकरण स्थापन झालें होतें. ओरिसांतील कोरापुट व कालाहंडी आणि त्या वेळच्या मध्यप्रदेशांतील बस्तर हा त्याचा मुलूख. (रामचंद्रांच्या वनवासाचें नांव सरकारनें या योजनेला द्यावें, यांत काव्य अधिक होतें कीं कबुली, हें सांगणें कठीण आहे.) रायपूरजवळच्या माना छावणींत माणसें उतरविलीं जात आणि तेथून पुढें त्यांची पाठवणी होई. दंडकारण्य अपुरें पडलें तेव्हां इतर राज्यांना वांटा देण्यांत आला, आणि महाराष्ट्राच्या वांट्यास आलेलीं कुटुंबें तेव्हांच्या चांदा जिल्ह्यांत आणण्यांत आलीं. १९८२ सालीं त्या जिल्ह्याचे दोन भाग झाले. आज या वसाहती मुख्यतः गडचिरोली जिल्ह्यांतील चामोर्शी आणि मुलचेरा या तालुक्यांत आहेत, आणि चंद्रपूर शहरांत ‘बंगाली कॅम्प’ हें एका वस्तीचें नांव अजून चालतें.

येथपर्यंतची हकीकत वाचून कोणी म्हणेल, युरोपला जें साधलें नाहीं तें आपण साधलें. सीमेवरच्या प्रांताची हांक ऐकली गेली, भार वांटला गेला, आणि महाराष्ट्रानें आपला वांटा नाकारला नाहीं. हें सर्व खरें आहे, आणि त्याचा अभिमान बाळगावयास हरकत नाहीं. फक्त ‘महाराष्ट्रानें’ या शब्दाशीं क्षणभर थांबलें पाहिजे. महाराष्ट्र म्हणजे कोण? पुणें, नगर, नाशिक यांच्या कालव्यांखालची काळी जमीन म्हणजे महाराष्ट्र. मुंबईच्या गिरण्या म्हणजे महाराष्ट्र. मंत्रालय म्हणजे महाराष्ट्र. यांपैकीं कोणाच्या अंगणांत पाहुणे उतरले? ते उतरले वैनगंगेच्या पलीकडे, जेथें आजहि जवळजवळ तीन-चतुर्थांश भूमि जंगलाखालीं आहे आणि जेथील गोंड-माडियांचा मुंबईच्या कोणत्याहि कचेरींत त्या काळीं आवाज नव्हता. हा योगायोग म्हणावा तर दुसरेंहि उदाहरण आहे: तिबेटी निर्वासितांची वसाहत महाराष्ट्रांत १९७२ सालीं झाली ती गोठणगांवला, तेव्हांच्या भंडारा जिल्ह्याच्या जंगलांत.

या निवडीचें समर्थन एका शब्दांत होत असे: ‘रिकामी जमीन’. या शब्दाइतका निष्पाप दिसणारा आणि इतकें काम करणारा शब्द सरकारी भाषेंत दुसरा क्वचितच असेल. चांद्याच्या जमीनदाऱ्या १९५१ सालीं रद्द झाल्या आणि त्यांचीं जंगलें सरकारकडे आलीं. त्या दिवसापासून कागदोपत्रीं ती भूमि सरकारची, म्हणजे कोणाचीच नव्हे, म्हणजे रिकामी. पण वऱ्हाड-नागपूरकडील वाचकांना ‘निस्तार’ हा शब्द ठाऊक आहे. घराला लांकूड, चुलीला सरपण, गुरांना चराई, पोटाला मोह आणि चारोळी, कुडाला बांबू हा सगळा निस्तार जंगलावर चाले, आणि तो चालावयाचा तर गांवाभोंवतीं पुष्कळ जंगल लागे. शिवाय जेथें फिरती शेती होती तेथें एक तुकडा कसावा आणि मग कित्येक वर्षें पडूं द्यावा, अशी रीत होती. पडलेली जमीन ही विसांवा घेणारी जमीन होती. पुण्याच्या वाड्यांतील दिवाणखाना दिवसाचे वीस तास रिकामा असतो. त्यावरून तो कोणाचा नाहीं असें अनुमान आजवर कोणा अधिकाऱ्यानें काढलेलें नाहीं. जंगलांत लोकवस्ती विरळ असते याचें कारण जंगल थोड्याच माणसांना पोसतें. विरळ वस्ती म्हणजे मोकळी जागा नव्हे.

दंडकारण्याच्या योजनेंत या गोष्टीची कांहीं जाणीव होती असें म्हटलें पाहिजे. मोकळ्या केलेल्या जमिनीपैकीं चतुर्थांश आदिवासींसाठीं राखावी अशी तींत तरतूद होती. चौथाई वसूल करण्याबद्दल आपल्या पूर्वजांची ख्याति होती. येथें ज्याचें सगळें त्याच्याच हातीं चौथाई ठेवण्यांत आली. तरीहि ती तरतूद करणाऱ्यांच्या मनांत कांहीं टोंचत होतें, हें तिच्यावरून दिसतें. संमति विचारण्याची सोय मात्र कायद्यांतच नव्हती. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेला विचारल्यावांचून तेथील जमिनीविषयीं कांहीं करूं नये हें तत्त्व कायद्यांत येण्यास १९९६ साल उजाडावें लागलें.

शरणागताच्या रक्षणाविषयीं आपल्याकडे जी कथा सर्वांच्या तोंडीं आहे ती शिबीची. महाभारताच्या वनपर्वांत ती एके ठिकाणीं उशीनर राजाच्या नांवानें येते. कबूतर राजाच्या मांडीवर येऊन बसतें, मागोमाग ससाणा येतो, आणि राजा आपलें मांस कापून तागडींत घालतो, एवढा भाग मुलांनाहि माहीत असतो. पण कथेंतील दोन गोष्टी आपण सांगतांना गाळतों. एक म्हणजे ससाण्याची बाजू. त्याची भूक खरी आहे. त्याच्या घरटींहि पिलें आहेत. राजाच्या दयेमुळें तें कुटुंब उपाशीं मरेल, असें तो राजाला तोंडावर सांगतो. म्हणजे ही कथा दुष्ट आणि दीन यांच्यामधील नाहीं. दोन खऱ्या गरजांमधील आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. राजा एकदम स्वतःच्या मांडीला हात घालीत नाहीं. प्रथम तो ससाण्याला बैल देऊं करतो, रानडुकर देऊं करतो, हरिण देऊं करतो, रेडा देऊं करतो. कोणत्याहि राजाला पहिल्यांदा हेंच सुचावयाचें! औदार्य दाखवावें, आणि त्याची किंमत रानांतल्या हरिणानें द्यावी. ससाणा तें नाकारतो म्हणून कथा पुढें जाते, तागडी येते, आणि राजा राजा ठरतो. आपलीं राज्यें, आणि युरोपांतील संघहि, कथेच्या या पहिल्याच टप्प्यावर थांबलीं आहेत. हरिण देऊन काम भागलें. तागडी आणावी लागली नाहीं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो तत्त्वज्ञानाच्या अंगानें येईल म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. भूमि मुळांत कोणाचीच नाहीं. माडियाची तरी कशी? कांटनें १७९५ सालच्या आपल्या शाश्वत शांतीवरील निबंधांत म्हटलें आहे कीं, पृथ्वीचा पृष्ठभाग सर्व मानवांचा सामाईक आहे, तो गोल आणि मर्यादित असल्यामुळें माणसांना अनंत पसरतां येत नाहीं, एकमेकांना सहन करावेंच लागतें, आणि आरंभीं कोणाचाहि एखाद्या जागेवर दुसऱ्याहून अधिक हक्क नव्हता. यावरून तो परक्याचा एक मर्यादित हक्क सिद्ध करतो: येण्याचा, आणि शत्रूसारखी वागणूक न मिळण्याचा, कायमचें राहण्याचा हक्क मात्र नव्या कराराचा विषय. हें सर्व मला मान्य आहे. पण मग तें सर्वत्र मान्य असावें. पृथ्वी सामाईक आहे हें तत्त्व वैनगंगेच्या पूर्वेला लागू आणि प्रवरेच्या कांठीं गैरलागू, असें कांटनें कोठें म्हटलेलें नाहीं. महाराष्ट्राचा कमाल जमीन धारणेचा कायदा १९६१ चा. जमीन ही अंतीं समाजाची आहे हें तत्त्व त्यानें स्वीकारलेंच होतें. तरी निर्वासितांना जागा शोधतांना त्या कायद्याच्या बाजूला कोणाची नजर वळली असावी असें वाटत नाहीं. जो प्रतिकार करूं शकत नाहीं त्याच्याच जमिनीवर जें तत्त्व बोलतें, तें तत्त्व नसून सोय आहे.

आणि असेंहि कोणी समजूं नये कीं गोंडांना पाहुणा नको होता. चांद्याच्या गोंड राजांनीं बाहेरच्या शेतकऱ्यांना बोलावून आणलें, जंगल तोडील त्याला जमीन आणि तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखालचें शेत दिलें, अशी परंपरा सांगतात. पूर्व विदर्भांतील तलावांमागें कोहळी समाजाचे जे श्रम आहेत ते याच व्यवस्थेंतून आले. तेव्हां गोंड हा यजमान होता, कारण देणारा तो होता. अट त्याची, जागा त्यानें दाखविलेली, आणि बदल्यांत मुलखाला तलाव मिळाला. १९६४ नंतर त्याच मुलखांत जे आले तेहि पाण्यांत वाढलेले शेतकरी होते. त्यांच्याहि हातांत तेंच कसब होतें. गांवांना विचारलें असतें तर सगळ्यांनींच नाहीं म्हटलें असतें असें मला वाटत नाहीं. पण विचारलें गेलें नाहीं, आणि न विचारतां ज्याच्या घरीं पाहुणा ठेवला जातो तो यजमान होऊं शकत नाहीं. त्याचें औदार्य करण्याचें स्वातंत्र्यच काढून घेतलेलें असतें.

पाहुण्यांनाहि कोणीं विचारलें होतें? १९६४ सालीं आलेल्यांत नामशूद्र शेतकरी आणि मच्छीमार फार होते. त्यांच्या आधीं जे भद्रलोक आले त्यांपैकीं पुष्कळांनीं कलकत्त्याच्या दक्षिणेस स्वतःच्या वसाहती उभारल्या; त्यांचे नातेवाईक नोकऱ्यांत होते, त्यांना लिहितां-बोलतां येत होतें, त्यांना हलविणें अवघड होतें. ज्यांना कोणी नव्हतें ते हलविले गेले. म्हणजे वांटणीच्या एका टोंकाला आलेल्यांमधील सर्वांत दुबळे आणि दुसऱ्या टोंकाला घेणाऱ्यांमधील सर्वांत दुबळे, अशी ही जोडी जमली, आणि मधल्या सर्वांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. नदीनाल्यांच्या मुलखांत होडी हांकणारा मनुष्य सागवान आणि बांबूच्या रानांत, मुरमाड जमिनीवर, हिवतापांत आणून सोडला. दंडकारण्यांतून हजारों कुटुंबें १९७८ सालीं उठून सुंदरबनांत मरीचझांपी बेटावर गेलीं, तीं अशा कंटाळ्यानें आणि घरच्या ओढीनें. १९७९ च्या जानेवारींत त्या बेटाची नाकेबंदी झाली आणि मे महिन्यांत पोलिसांनीं तें मोकळें केलें. ज्या बंगालनें जागा नाहीं म्हणून पाठविलें होतें त्यानेंच परत आलेल्यांना हांकलून दिलें. भार वांटतांना माणूस हा भार समजला गेला कीं त्याला मन आहे, त्याला नदी आठवते, ही गोष्ट हिशेबांत राहत नाहीं.

चांद्यास आलेले बहुतेक राहिले. आष्टीहून मुलचेऱ्याकडे जाणाऱ्यास सुंदरनगर, विवेकानंदपूर अशीं नांवें लागतात. त्यांच्या आजूबाजूच्या गोंडी नांवांशीं तीं जुळत नाहींत आणि आतां तीं कोणाला खटकतहि नाहींत. धानाचे बांध, तळ्यांतली मासळी, परसांतला भाजीपाला, आश्विनांत दुर्गापूजा. मुलें शाळेंत मराठी बोलतात आणि घरीं बंगाली. आठवड्याच्या बाजारांत गोंड बाई मोह-चारोळी आणते आणि बंगाली बाई वांगीं-मासे; दोघींचा व्यवहार मराठींत होतो, जी दोघींचीहि घरची भाषा नव्हे. ज्यांनीं कोणाला विचारलें नाहीं त्यांच्या योजनेपेक्षां या दोन बायकांनीं अधिक कांहीं साधलें आहे, असें म्हणण्याचा मोह होतो. पण त्यामुळें योजना न्याय्य ठरत नाहीं.

आतां पैशाचा प्रश्न. युरोपीय संघानें २०२४ सालीं नवा करार संमत केला. तो २०२६ च्या जूनपासून लागू व्हावा असें ठरलें. त्यांत प्रत्येक राष्ट्राला मुभा आहे: आपल्या वांट्याचीं माणसें घ्यावीं, किंवा दर माणसामागें २०,००० युरो द्यावे, किंवा दुसरी कांहीं मदत करावी. हें ऐकून आपल्याला प्रथम विटाळ वाटतो: माणुसकीची ही दरपत्रिका! मला मात्र पैसे देण्यांत पाप दिसत नाहीं. प्रश्न तो कोणाच्या हातांत पडतो हा आहे. १९७१ सालीं पूर्व बंगालमधून सुमारें एक कोटी माणसें आलीं तेव्हां त्या नोव्हेंबरापासून आपल्या टपालावर पांच पैशांचें जादा तिकीट लागे. नवें तिकीट छापून होईपर्यंत कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच निर्वासित-साहाय्याचा शिक्का मारून तें विकलें जाई, हा योग गमतीचा खरा. पण त्या पांच पैशांत एक शहाणपण होतें. सोलापुरांतून मुलीला पत्र लिहिणारा बाप आणि फोर्टमधील कंपनी दोघेहि तें भरीत, आणि त्यासाठीं कोणाचेंहि मोहाचें झाड तोडावें लागलें नाहीं. उलटपक्षीं २०१६ सालीं युरोपनें तुर्कस्तानाशीं जो करार केला त्यांतील सहा अब्ज युरोंचा मुख्य हेतु लोक आपल्या दाराशीं येऊंच नयेत हा होता. पहिला पैसा भार हलका करतो. दुसरा पैसा भार दृष्टीआड करतो. वैनगंगेपलीकडे जी वांटणी झाली तींत मुंबई-पुण्याचा पैसा पहिल्या प्रकारचा होता कीं दुसऱ्या, हें आपण स्वतःला विचारावें. कुटुंबें बसविलीं गेलीं, आरंभीची मदत दिली गेली, आणि मग साठ वर्षें तो त्या दोन तालुक्यांचा खाजगी प्रश्न झाला. गोंड गांवाचें जंगल घटलें त्याबद्दल त्याला बाकीच्या राज्यानें दरसाल कांहीं द्यावें, अशी कल्पना कोणीं केली नाहीं. आणि माझ्या मतें समाईक जबाबदारी या शब्दाला अर्थ यावयाचा असेल तर तो तेथें यावयास हवा होता. ओझें एकाच्या खांद्यावर गेलें तर बाकीच्यांचें ऋण त्या दिवशीं फिटत नाहीं, तें त्या दिवशीं सुरू होतें.

ऋण मान्य नसल्यामुळें काय होतें तें कायद्याच्या पुस्तकांत पाहावें. नामशूद्र ही जात पश्चिम बंगालच्या अनुसूचित जातींच्या यादींत आहे, महाराष्ट्राच्या यादींत नाहीं. म्हणून सरकारनें ज्याला आगगाडींत बसवून इकडे आणलें त्याच्या नातवाला तो दाखला येथें मिळत नाहीं, आणि त्यासाठीं वर्षानुवर्षें अर्ज चालू आहेत. दुसऱ्या बाजूला, अनुसूचित क्षेत्रांतील आपलें जंगल आक्रसलें अशी गोंडाची तक्रार आहे, आणि ती सांगावयाला समोर सरकार नसून शेजारचा बंगालीच आहे. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें आदिवासींवरील जुना अन्याय दूर करण्याचा प्रयत्न केला. धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा या गांवाला २००९ सालीं आपल्या जंगलावर सामुदायिक हक्क मिळाला, तो याच कायद्यानें. त्याच कायद्यांत आदिवासी नसलेल्या वननिवासींसाठीं अट आहे कीं, त्यांच्या तीन पिढ्या, म्हणजे १३ डिसेंबर २००५ पूर्वीं पंचाहत्तर वर्षें, जंगलांत राहिलेल्या असाव्या. वांटून दिलेल्या एकरांत वाढतें कुटुंब मावेना म्हणून वसाहतींतील एखाद्यानें लगतची वनजमीन कसली, तर त्याला १९३० सालापासूनचा पुरावा दाखवावा लागेल. १९३० सालीं त्याचा आजा खुलना जिल्ह्यांत भात लावीत होता, आणि त्याला चांद्याला पाठविणारें सरकार अजून जन्माला यावयाचें होतें.